मामाची सागवानी जमीन

घरात राहायचं ते जमिनीला धक्का न लावता, असं मानणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच झाला, आणि नेमका तो माझा सख्खा मामा. उभा जन्म ओझरच्या विमान कारखान्यात गेलेला, त्यामुळे केसाएवढी फट दिसली तरी त्याला जेवण जात नसे. नव्वदच्या आसपास अख्खं इंदिरानगर हौसेनं मार्बल बसवत होतं, तेव्हा मामानं जाहीर केलं, "मी सागवान टाकणार!" कारण साधंच होतं. थंडीत कोटा फरशीवर मामीचे पाय आखडायचे. सकाळचा चहा होईस्तोवर बिचारी पायावर पाय घासत उभी असायची, आणि ते त्याला बघवत नसे.

मग काय, वखारीत मुक्कामच. फळी उभी करून बघ, आडवी करून बघ, वास घे, टिचकी मार. शेवटी वखारवाल्या शेठनं हात जोडले, "काका, लाकूड घेताय, जावई नाही!" घेतलेल्या फळ्या लगेच बसवल्या असतील तर शपथ. "आधी त्यांना घराची हवा लागू दे," म्हणून पावसाळाभर त्या हॉलमध्ये लोळत पडल्या, आणि गणपतीची आरती आम्ही भिंतीला चिकटून म्हटली. मिस्त्रीनं बसवताना कडेला बोटभर फट सोडली. मी विचारलं तर मामा म्हणतो, "पावसाळ्यात लाकूड फुगतं गं. जेवल्यावर तुला नाही का सैल ड्रेस लागत?"

पॉलिश झालं आणि घरात जमिनीचं राज्य सुरू झालं. "तोंड दिसलं पाहिजे, तोंड!" म्हणत मामा दर रविवारी मेण घासायचा. ओलं फडकं हद्दपार झालं. दाराशी लोकरीच्या मोज्यांची टोपली आली. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनासुद्धा सोवळ्याखाली मोजे चढवावे लागले. मामी मला हळूच म्हणायची, "माझ्या पायांसाठी केली म्हणे ह्यांनी! पाय तर लागू देत नाहीत."

आणि त्या मोज्यांनीच घात केला. एका दिवाळीत फराळाचं ताट घेऊन लगबगीनं येताना मामी घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "चालतील, पण पुन्हा पडता कामा नये." घरी येऊन मामानं मोज्यांची टोपली माळ्यावर फेकली.

दुसऱ्या दिवशी मी मामीचा डबा न्यायला गेले, तर हा गुडघे टेकून जमिनीवर, हातात खरखरीत पॉलिशपेपर! पलंगापासून हॉलच्या मधून स्वयंपाकघरापर्यंत चकाकी घासून काढत होता. पट्टा सरळ नव्हता; देव्हाऱ्याशी थोडा वळला होता, कारण मामी जाता-येता तिथे हात जोडायची.

"अरे मामा, मशीन मिळतं की भाड्यानं!"

"मशीनला काय कळतंय ती पाऊल कुठे टाकते ते?"

मला तेव्हा रडूच आलं.

मामी वॉकर घेऊन घरी आली. चाचपत एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबली. "अहो, केवढी ही चकाकी घालवलीत!"

"तोंड बघायला आरसा आहे भिंतीवर," मामा म्हणाला. "तू चाल."

पुढे बरीच वर्षं मामी त्या पट्ट्यावरून चालली, अनवाणी, कधी ओल्या पायांनीसुद्धा. आता ती नाही. मामा बाकीची जमीन अजून दर रविवारी चमकवतो, पट्ट्याला मात्र हात लावत नाही. परवा गेले तेव्हा जुन्या सवयीनं दाराशी थबकून टोपली शोधायला लागले, तर आतून आवाज आला, "मोजे नाहीत गं आता. अशीच ये. पण मधून ये हं, तिथे पाय घसरत नाही."