विहिरीतला तांबडा थर

तलवाड्याच्या शिवारात आमची विहीर खोदायला घेतली, तेव्हा मला सासरी येऊन फार दिवस झाले नव्हते. निजामाचं राज्य होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते आणि आमचे मालक सकाळीच खाली उतरायचे, दुपारी मी भाकरी घेऊन जायची. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा कातळ. तो सुरुंगानं फोडला, तर खाली पुन्हा मातीच निघाली. वीतभर जाडीचा तांबडा थर, भट्टीतून काढल्यासारखा.

त्यात मालकांनी पहार मारली आणि ती हातातून निसटून आत गेली. दगडावर आपटत गेल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी पोचले तेव्हा दोघं काठावर बसले होते. हवा वाईट आहे का बघायला मामांनी दोरीनं पेटती चिमणी खाली सोडली. ज्योत विझली नाही, पण भोकापासून दूर वाकली, कुणी फुंकर घालावी तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर ती भोकाकडे ओढली जात होती. काम थांबलं.

धाकटे दीर बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शिकायचे. ते सुट्टीत आले आणि समजावू लागले. पृथ्वीच्या पोटात आग आहे. फार पूर्वी तापलेला रस भेगांतून वर आला, पसरला, थिजून कातळ झाला. त्यावर माती साचली. मग पुन्हा रस आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे या थरावर कधीकाळी ऊनपाऊस पडला होता. आपण उभे आहोत त्या रानाखाली आणखी एक रान गाडलेलं आहे, हे ऐकून मला जमिनीवरचे पाय उचलून घ्यावेसे वाटले.

मामांनी एवढंच विचारलं, "मग श्वास कोन घेतंय?"

भाऊजी हसले आणि खाली उतरले. भोकाला कान लावून बराच वेळ बसले. वर आले ते जेवलेच नाहीत. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "वहिनी, आधी वाटलं माझाच श्वास घुमतोय. म्हनून मी दम धरला. आतला चालूच व्हता."

भोकावर शिळा बसवून चुन्यानं सांधे भरले. विहिरीच्या तळातच थोडं बाजूला खणल्यावर पाणी लागलं, गोड आणि उन्हाळ्यातही गारेगार. मामांनी मात्र ते कधी तोंडाला लावलं नाही, ओढ्याचंच पीत राहिले.

शिळा पाण्याखाली गेली, पण तिच्या जागी दुपारी बुडबुडे यायचे. आम्ही बायका घागरी घेऊन काठावर थांबायचो. ते शांत झाल्यावरच पोहरा सोडायचो. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.