तारेवरचे दोडके

माझा पांढरा बैल मेला तेव्हा धान पिकून उभं होतं. पहाटे दावं तोडून तो शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, बांधावरच्या गवताले गेला अन् डुकरांसाठी लावलेल्या विजेच्या तारेले चिकटला. मी धावत पोचले तेव्हा शेजारी बैलाकडे पाठ करून तार गुंडाळून राह्यला होता. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "जनावर आहे बाई, चुकून आलं. काऊन एवढं लावून धरता?"

मी अजून काही धरलंच नव्हतं! त्यानं म्हटलं, मग धरलं.

लोक म्हणाले, तक्रार कर. तक्रारीनं तो चार दिवस आत गेला असता, अन् गाव त्याचीच कीव करत बसलं असतं. मले तो माझ्या दारात पाहिजे होता, तार हातात घेऊन. माझा तांबडा बैल अजून त्याच धुऱ्याजवळ चरत होता, अन् शेजारी चारचौघांत सांगत फिरे, लागली तर तार पुन्हा लावीन. तारेत वीज घ्यायले आकडा टाकायचा, तो विजेचा खांब माझ्या घरासमोरच. पीक उभं असलं की मी रात्री त्या खांबाखाली बाज टाकायची. टाक म्हणावं आकडा, माझ्या अंगावरून.

अन् दिवसा कुंपण करायची.

डुक्कर मले कोणी शिकवलं नाई, त्याचे पाय पाहून शिकले. ते वरून उडी मारत नाई, मुस्काट खाली घालून उचलते. म्हणून कुंपण उंच नाई, बुडापाशी दाट पाहिजे. मी सागरगोटी लावली. पोरी ज्या राखाडी गोट्या खेळतात ना, तेच तिचं बी. वेल अशी काटेरी की शेळीही तोंड लावत नाई. पण बीचं कवच भलतं टणक. गोटी दगडावर घासायची, आतला रंग दिसेपर्यंत, मग पाण्यात भिजवायची, तेव्हा रुजते. दोन ओळी लावल्या, एकीच्या खिंडीत दुसरीचं रोप. गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडायचा. जीवावर येते, पण त्याशिवाय बुडातून फांद्या फुटत नाईत.

नुसतं बंद करूनही चालत नाई. माझ्या धानाच्या बांधीखाली बोडी आहे, लहानसं तळं. तिथं चितळं, डुकरं, कधी वाघही पाण्याले येतो. पाणी तोडलं तर जनावर कुंपण फोडणारच. म्हणून जंगलापासून बोडीपर्यंत झुडपं छाटून एक वाट मोकळी ठेवली. यायची वाट त्यांच्या सवयीची. निघायची कुठून, ते माझ्या हातात होतं. ती काढली शेजाऱ्याच्या धानाच्या तोंडाशी.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर कुंपणाच्या फटी मिटल्या. धान भरलं, अन् एका सकाळी शेजारी धुऱ्यावरून ओरडला, "बाई, डुकरांनं माझी अख्खी बांधी लोळवली! सगळी तुमच्या बोडीवरून येऊन राह्यलीत!"

मी विळा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. घाई कशाले करायची?

"जनावरं आहेत भाऊ," म्हटलं, "चुकून आली. काऊन एवढं लावून धरता?"

त्याचा चेहरा मले अजून आठवते. भात गोड लागला त्या दिवशी.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं गुपचूप माझ्याच कुंपणाच्या शेंगा तोडून नेल्या अन् गोट्या तशाच पेरल्या. मी पाहत होते. रोज वाकून वाकून माती पाही बिचारा.

शेवटी आला दारात.

"बी रुजत नाई, बाई."

"कोणतं बी, भाऊ?"

"सागरगोटीचं."

"अस्सं! अन् आणलं कुठून?"

तो अंगणातल्या कोंबड्या पाहत राह्यला.

"तार आणा," मी म्हटलं. "मग सांगते."

"सगळी?"

"हातभर जरी मागं ठेवली, तर तुमची डुकरं मले येऊन सांगतील."

संध्याकाळच्या आत तारेचं भेंडोळं माझ्या ओसरीवर पडलं. त्याले चहा दिला, गूळ घालून. मग गोट्यांची टोपली पुढं ठेवली अन् घासायले दगड दिला. घरात खरखरीत दगड होता, पण दिला तो गुळगुळीत. बोटं सोलली त्याची. मी जवळ बसून सगळं नीट समजावलं, भिजवणं, ओळी, शेंडा खुडणं, काही लपवलं नाई. त्याचं कुंपण दाट झालं तेव्हा बोडीवरून निघायची वाटही मी वळवली, नाल्यानं परत जंगलाकडं.

आता त्याचं धान शाबूत आहे. तांबडा मोकळा चरते, पण एकटाच. त्याची जोडी मोडली, ते मी माफ केलं नाई.

त्या तारेचा मी अंगणात मांडव केला, दोडक्याच्या वेलासाठी. दरवर्षी पहिला वाटा शेजाऱ्याकडं स्वतः घेऊन जाते. म्हणते, "घ्या भाऊ, तारेवरचे आहेत. सांभाळून."

तो खाली मान घालून घेतो. नाई म्हणायची सोय मी ठेवलीच नाई.