बावधनच्या मामांचं नाव राहिलं

पॉप गायिका म्हणून माझी कारकीर्द स्टेजवर एकूण वीस मिनिटं चालली. त्यातली बारा मिनिटं माझे चुलते बोलत होते.

तशी सुरुवात झकास होती. हिंजवडीच्या कंपनीत आम्ही तिघं एका ओळीत बसायचो. मी, कोथरूडचा ऋत्विक आणि लुधियान्याचा हॅप्पी. ऋत्विक गिटार वाजवायचा, हॅप्पी टेबल वाजवायचा (मॅनेजरनं हात जोडले तेव्हा त्यानं ड्रम विकत घेतले), आणि मी गाते असं माझं मत होतं. एवढ्या भांडवलावर आम्ही ग्रुप काढला. ग्रुपचं नाव 'पर्जन्यमापक'. हे नाव ऋत्विकला ताम्हिणी घाटात गाडी बंद पडलेली असताना सुचलं. मी घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर आबा, म्हणजे माझे वडील, ताटावरून मान वर करून म्हणाले, "पाटबंधाऱ्यात लागलीस व्हय? कायम हाय का कंत्राटी?"

घोटावड्याला आमच्या शेताच्या कडेला आबांनी भाड्यानं द्यायला दहा खोल्या बांधल्यात. नऊ खोल्यांत कारखान्यातले कामगार, आणि दहावी रिकामी. तिथं आमची प्रॅक्टिस चालायची. गाणं आमचं स्वतःचं, शब्द माझे : 'धुकं धुकं, मी मुकं मुकं.' (हसू नका. तेव्हा मला ते फार खोल वाटायचं.) आता पॉपमध्ये हल्ली ओरडायचं नसतं. कुणाच्या कानात गुपित सांगावं तसं, अर्धा श्वास आणि अर्धा सूर असं गायचं असतं. हे आईला कोण सांगणार! तिसऱ्या दिवशी ती आल्याचा काढा घेऊन दारात उभी.

"बास गं आता. घसा बसलाय तर कशाला ताणतीस?"

"आई, घसा चांगला आहे. ही स्टाईल आहे."

"दुखन्याची कसली आलीया स्टाईल? पी गुमान."

मी गुमान प्याले. ऋत्विकलाही पाजला. हॅप्पीनं दोनदा मागून घेतला.

आमच्या घरातले खरे कलावंत म्हणजे तात्या, आबांचे धाकटे भाऊ. कुठल्याही गावची बैलगाडा शर्यत असो, माईकवर तात्या. बैल सुटले की "आली, आली, आली... भिर्रर्रर्र!" अशी काही आरोळी देतात की माणसं जागची उडतात. ते नुसते अंगणात शिंकले तरी नऊ खोल्यांतले भाडेकरू 'क्या हुआ, क्या हुआ' करत बाहेर येतात. असे हे तात्या एकदा आमची प्रॅक्टिस ऐकायला आले. मांडी घालून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"पोरी, समदं ब्येस हाय," ते म्हणाले. "पन गान्यात नाव कुनाचंच न्हाई."

"नाव कशाला हवं तात्या?"

"मंग लोकांनी ऐकायचं कशापायी?"

यात तात्यांची काही चूक नाही. आमच्याकडे माईक हातात आला की माणूस आधी नावं घेतो. लग्न असो, वाढदिवस असो, नवी बोअर मारलेली असो! "आपल्यामध्ये उपस्थित असलेले" म्हणून सुरुवात करायची आणि मांडवातला एकेक माणूस गाव-पदवीसकट उचलायचा. नाव घेतलं म्हणजे मान दिला. राहिलं म्हणजे मेला तो! पुढची तीन वर्षं तो तुमच्या दारात पाऊल टाकत नाही. आणि जावयाचं राहिलं तर विचारूच नका. मला या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. मी त्या दिवशी तात्यांना ठणकावून सांगितलं, "नावासाठी रुसणारी माणसं मला मुळात कळतच नाहीत. आम्ही कलावंत आहोत. आम्ही नावं घेत नाही."

(हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.)

आणि मग ती संधी आली. धरणाच्या पाण्याकाठी एक नवीन रिसॉर्ट सुरू होत होतं, त्याच्या उद्घाटनाला रविवारी दुपारी आम्हाला दोन गाणी मिळाली. पहिलं इंग्रजी, दुसरं आमचं 'धुकं'. वर मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीच्या मॅडम येणार होत्या. ऋत्विकनं त्यांना आधीच 'धुकं'चा तुकडा पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं : "समोर ऐकते. आवडलं तर रेकॉर्ड करू." मी आठवडाभर झोपले नाही. नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला, फक्त तारीख घालायची बाकी होती.

रिसॉर्टनं घरच्यांसाठी चार पास दिले. मी ते आबांच्या हातात ठेवले, ही माझी पहिली चूक.

"चारच?" आबा म्हणाले. "बरं. बघतो."

रविवारी तीन वाजता मी स्टेजमागे उभी राहून घसा साफ करत होते, तर गेटवरून रिसॉर्टचा मॅनेजर धावत आला. "मॅडम, ते आपले आहेत का?" बघते तर दोन जीप आणि एक पिकअप! आबा, आई, तात्या, आत्या, सगळी भावकी, खोली नंबर चारचा बिहारी भाडेकरू, सगळे मिळून सत्तावीस जण. पुरुषांना भगवे फेटे. आईच्या हातात शाल-श्रीफळाची पिशवी.

"आबा! चार पास होते!"

"चार पास त्यांनी दिलं, ते बराबर हाय," आबा शांतपणे म्हणाले. "पन पोरीचा कारेक्रम हाय म्हटल्यावर पाव्हन्याला सांगायला नगं? पाव्हनं आलं म्हटल्यावर भावकीला नगं? उद्या तोंड दावायचं का न्हाई?"

पाहुणे म्हणजे बावधनचे मामा, माझ्या आत्याचे यजमान, घराचे थोरले जावई. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात चेन, आणि चेहरा असा की आत्ता रुसू की जरा वेळानं. आजवर ते आमच्या घरच्या प्रत्येक कार्यातून न जेवता निघाले आहेत आणि प्रत्येक वेळी त्यांना फाट्यावरून परत आणलेलं आहे.

मॅनेजरनं कपाळाला हात लावला आणि खुर्च्या मागवल्या. फेट्यांच्या दोन रांगा बसल्या. बाकी सगळे हिंजवडीचे संगणकवाले, हाफ पँटीत. पुढच्या सोफ्यावर मुंबईच्या मॅडम, मांडीवर वही.

पहिलं इंग्रजी गाणं सुखरूप पार पडलं. भावकीनं बसल्या जागी दाद दिली ("पोरगी आजारी असून गातीया"). 'धुकं' सुरू करणार तेवढ्यात ऋत्विक कानात म्हणाला, "अगं, दोन शब्द बोल ना लोकांशी. कनेक्ट हो."

मी समोर पाहिलं. आई पदरानं डोळे पुसत होती. मी माईक तोंडाशी धरला आणि बोलून गेले, "आज माझे आई-आबा इथे आलेत. थँक्यू आई, थँक्यू आबा." ही दुसरी चूक, आणि हिच्यापुढे पहिली काहीच नव्हे.

कारण दोन नावं घेतली की पंचवीस राहतात! दोन्ही रांगा ताठ झाल्या. तात्यांची भुवई वर गेली. मी घाईनं म्हणाले, "आणि माझे तात्या." तात्यांनी हात जोडले. शेजारच्या काकूनं घसा खाकरला. "आणि काकू." मागून एक फेटा हलला. "आणि पिरंगुटचे अण्णा..." बघता बघता मी भावकीभर फिरले. ऋत्विक दातओठ खात एकच तार छेडत बसला. मॅडमनी वही मिटली. मी खोली नंबर चारच्या भाडेकरूपर्यंत पोचले, "थँक्यू रामबाबू!" म्हणाले आणि गायला तोंड उघडलं.

"धुकं..."

बावधनचे मामा उठले. त्यांनी फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि गेटकडे चालू लागले.

"अगं बया!" आत्या ओरडली. "ह्यांचंच ऱ्हायलं!"

"धुकं..." मी पुन्हा म्हटलं. आत्यानं पर्स उचलली. आईनं शालीची पिशवी छातीशी धरली. आबा अर्धवट उठून "दाजी! अवो दाजी!" करत होते. आणि तेवढ्यात तात्या दोन ढांगांत स्टेजवर आले, आणि माझ्या हातातला माईक कधी गेला ते मला कळलंच नाही.

"एक मिन्टं! एक मिन्टं! पाव्हनं, जागेवर थांबा!"

अहो, रिसॉर्टचे दोन कर्णे आणि तात्यांचा गळा! पाण्यावरचे बगळे उडाले. मामा जागेवर थांबले.

"आपल्या कारेक्रमाला खास हजर ऱ्हायलेले, बावधनचे परगतशील बागायतदार..." (बागायत विकून जमाना झाला, तिथं आता बारा मजली इमारत आहे, पण माईकवर मामा बागायतदारच) "...आमच्या घोटावड्याचे थोरले जावई, आमचे लाडके दाजी! आले, आले, आले, आले... भिर्रर्रर्र!"

'भिर्रर्र'वर हॅप्पीचं काय झालं देव जाणे. लुधियान्याचं रक्त! त्यानं ड्रमवर असा काही ठेका धरला की माझ्या पायाखालची फळी उडायला लागली. संगणकवाले "ओऽऽ" करत उभे राहिले. मामा वळले. चेहरा अजून रुसलेला होता, पण खांदे नाचत होते. ते परत आले, फेटा घातला आणि थेट स्टेजवर चढले.

आता तात्यांना कोण आवरणार? त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस नावं ठेक्यात नव्यानं घेतली. ती संपली तेव्हा ते पब्लिककडे वळले.

"मागं ते टोपीवाले सायेब! नाव काय आपलं?"

"सुब्रमण्यम!"

"गाव?"

"कोइमतूर!"

"कोइमतूरचे परगतशील सुब्रमन्यम... आले, आले, आले... भिर्रर्रर्र!"

सुब्रमण्यम खुर्चीवर चढून नाचले. मग जो तो हात वर करून आपलं नाव ओरडू लागला. मॅनेजरनं स्वतःचं नाव चिठ्ठीवर लिहून पाठवलं! आईनं संधी साधून मुंबईच्या मॅडमना शाल घातली, नारळ दिला, आणि त्या बाई शाल-नारळासकट मामांबरोबर फुगडी घालू लागल्या. आणि मी? मी ऋत्विकच्या माईकला तोंड लावून, जीव तोडून, "धुकं धुकं, मुकं मुकं" म्हणत होते. तो माईक चालू आहे की बंद, हे बघायलाही कुणाला सवड नव्हती.

सगळं शांत झाल्यावर मॅडम धापा टाकत स्टेजकडे धावत आल्या. मी केस नीट केले, हात पुढे केला. त्या माझ्या हाताला वळसा घालून तात्यांपुढे उभ्या राहिल्या.

"कुठे होतात तुम्ही इतके दिवस?"

"हितंच व्हतो की," तात्या म्हणाले. "घोटावड्याला."

रेकॉर्डिंगचं ठरलं. तात्यांनी एकच अट घातली, "पोरीला बी घ्या. तिला लई हौस हाय." मला घेतलं. मुंबईला एका काचेच्या खोलीत मी दहा मिनिटं "धुकं धुकं" म्हटलं, आणि "छान, मागे हळूच टाकू" असं सांगून त्यांनी मला वडापाव खायला पाठवलं. तात्यांचं काम दिवसभर चाललं, ते मी ऐकलं नाही. ग्रुपचं नाव झालं, 'तात्या आणि पर्जन्यमापक'. राजीनाम्याचा कागद मी चुलीत घातला.

गाणं आलं त्या दुपारी आबांनी अंगणात मोठा स्पीकर लावला. जिलेबीची परात आली. सगळी भावकी जमली. गाण्यात पहिलं नाव बावधनच्या मामांचं! मग आबा, आई, आत्या, काकू, अण्णा. मग रामबाबू (तो रडला). कोइमतूरचे सुब्रमण्यमही होते. मग आमचे बैल, राजा आणि सोन्या. प्रत्येक नावाला अंगणात शिट्ट्या. मी जिलेबी हातात धरून वाट पाहत होते. नावं घेण्याच्या प्रथेबद्दल माझी मतं ठाम होती, पण म्हटलं, येईल आता. शेवटी आमचा ट्रॅक्टर आला, भिर्रर्र झालं आणि गाणं संपलं.

मी जिलेबी परातीत ठेवली, उठले, दहाव्या खोलीत गेले आणि आतून कडी घातली.

अर्ध्या तासानं तात्या आले. "कल्यानी, काय झालं गं?"

"काही नाही!"

"अगं, घरच्या मान्साचं नाव कुटं घेत्यात व्हय? पाव्हन्याचं घेत्यात!"

"ट्रॅक्टर पाहुणा आहे का?"

तात्या माघारी गेले. मग आई आली, आबा आले. मी कडी काढली नाही. शेवटी बावधनच्या मामांना पाठवलं. ते दाराबाहेर उकिडवे बसले.

"पोरी," मग ते अगदी मायेनं म्हणाले, "रुसायचं तर निस्तं खोलीत बसून भागत न्हाई. फाट्यापत्तर जावं लागतंय."

मी कडी काढली, चपला घातल्या आणि फाट्यापर्यंत गेले. मामा सोबत आले. तिथं आम्ही दोघं मैलाच्या दगडापाशी बसलो, आणि तासाभरात सगळी भावकी मला न्यायला आली. खरं सांगते, इतकं बरं मला स्टेजवरसुद्धा वाटलं नव्हतं.

तात्यांच्या दुसऱ्या गाण्यात माझं नाव आहे. बैलांच्या नंतर येतं, पण ट्रॅक्टरच्या आधी!