नकल्याचं मरण

बसस्थानकावरच्या लोकांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि त्यात कुचेष्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. तिथे आवाजाला चढउतार देण्याची सोय नव्हती. एकदा त्याने उशिरा आलेल्या गाडीची घोषणा जरा रडव्या सुरात केली, तर साहेबांनी बोलावून विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" तेव्हापासून त्याचे सगळे आवाज रविवारची वाट बघत बसायचे.

रविवारी बायकोची रुग्णालयाच्या धुलाईघरात पाळी असायची आणि तीन वर्षांची व्हायला आलेली बबडी त्याच्याकडे. दुपारी बायकोचा धाकटा भाऊ यायचा. तो बस चालवायचा. वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईही उतरायच्या. मग टेबलावर कागद पसरायचा, फासे निघायचे आणि खेळ सुरू. मेहुणा योद्धा व्हायचा, बाई जादूगारीण. भोंगा मात्र उरलेलं सगळं जग व्हायचा, म्हणजे वारा, वाणी, दरोडेखोर आणि राक्षस. काय करायचं ते खेळणाऱ्यांनी सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं.

घरात लहान मूल असताना असला खेळ खेळणं म्हणजे विस्तवाशी खेळणं. बबडी फासे तोंडात घालायची, कागदावर बसायची, ऐन लढाईत "शी आली" म्हणायची. शेवटी बाईंनी तिला कामाला लावलं. स्वयंपाकघर म्हणजे किल्ला आणि बबडी किल्लेदार. राक्षसाने आरोळी ठोकली की आत पळायचं, दार लोटायचं आणि राक्षस मेल्यावरच बाहेर यायचं. पोरगी खूश, खेळणारे निवांत.

यात भर पडली ती नकल्याची. हा राक्षस भोंग्याचा फार लाडका. तो कोणाच्याही आवाजात बोलून माणसाला फसवायचा. भोंगा मेहुण्याच्या आवाजात हाक मारी, बायकोच्या आवाजात "अहो, गिझर बंद केलात का?" विचारी, आणि टेबलाशी हसून हसून पुरेवाट होई. तीन रविवार झाले तरी त्याने नकल्याला मरू दिलं नव्हतं; दर खेपेला नकल्या निसटे आणि बाई स्वतः आत जाऊन बबडीला बाहेर आणत. बाईंची नक्कल तेवढी तो करत नसे. तेवढी त्याची छाती नव्हती. आणि बाई शिकवण्यात कच्च्या कशा असतील? त्यांनी बबडीला समोर उभं करून पाठ करून घेतलं होतं, "कोणीही हाक मारली तरी दार उघडायचं नाही. बाबाच्या आवाजात मारली तरी नाही."

किल्ल्याच्या दाराला आतून, अगदी खाली, एक बोल्ट होता. त्या खोलीत पूर्वी कोणी भाडेकरू राहत असणार. बोल्ट इतका घट्ट होता की मोठ्या माणसालाही सरकत नसे. दार कुरकुरतं म्हणून भोंग्याने आदल्याच दिवशी बिजागऱ्यांबरोबर त्यातही तेल घातलं होतं.

त्या रविवारी त्याने बबडीचं दूध मंद गॅसवर ठेवलं आणि येऊन टेबलाशी बसला. नकल्याने आरोळी ठोकली. आरोळी जरा जास्तच साधली. बबडी किंचाळत आत पळाली, दार धाडकन लागलं आणि पाठोपाठ बोल्ट सरकल्याचा आवाज आला.

"शाब्बास किल्लेदार," मेहुणा म्हणाला.

भोंगा मात्र ताडकन उठला. "बबडे, बोल्ट काढ बघू. दूध आहे गॅसवर."

त्याने दार ढकलून पाहिलं, ते हललं नाही.

"बबडे, बाबा आहे."

"नाही," बबडी म्हणाली. "तू नकल्या."

मेहुण्याला हसू आलं. भोंग्याचा चेहरा बघून ते तिथेच विरलं. भोंग्याने पुन्हा हाक मारली, लाडाने, मग दरडावून, मग जवळजवळ रडत. आवाज जितका बदलत गेला तितकी पोरीची खात्री पटत गेली. एवढे आवाज नकल्याशिवाय कोण काढणार?

आत काहीतरी फसफसलं. दूध उतू गेलं होतं. आधी करपल्याचा वास आला, आणि मग दाराच्या फटीतून दुसरा वास येऊ लागला. तो ओळखताच भोंगा फटीशी वाकला. आच विझली होती, गॅस चालूच होता. खिडकी वाऱ्यामुळे सकाळपासून बंद. फ्रिजची घरघर बाहेर ऐकू येत होती; त्यातली एक ठिणगी पुरे होती.

"बाजूला व्हा दाजी," म्हणत मेहुण्याने खांदा पुढे केला. भोंग्याने त्याला धरलं आणि खाली बोट दाखवलं. फटीत फ्रॉकची कड दिसत होती. पोरगी दाराला पाठ लावूनच बसली होती. दार तुटलं असतं तर आधी तिच्यावर पडलं असतं.

मेहुण्याने जिन्यात जाऊन आग विझवणाऱ्यांना फोन लावला. निघालो, म्हणाले. भोंग्याने बायकोला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन फटीशी धरला. "बबडे, अगं आई बोलतेय. दार उघड बाळा."

"नकल्या आईसारखं बोलतो," बबडी म्हणाली आणि खोकली.

फोनमधून बायको म्हणाली, "काय शिकवलंत तुम्ही तिला?"

भोंग्याने फोन जमिनीवर ठेवला. आपणच खणलेल्या खड्ड्यात आपली पोर बसली आहे आणि दोरी टाकावी तर ती दोरीलाच भिते आहे, हे त्याला लख्ख कळत होतं.

बाई दाराशी खाली बसल्या. "बबडी, मी बाई. माझा आवाज नकल्याला येत नाही. हो ना?"

आत पोरगी पुन्हा खोकली. "हो."

"मग बोल्ट काढ."

"राक्षस आहे बाहेर."

बाईंनी वर पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "तिचं बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मीच सांगितलंय, तो मेल्याशिवाय नाही. मारा त्याला."

मेहुण्याने टेबलावरचा फासा उचलला आणि आत ऐकू जाईल असा फरशीवर टाकला. तीन पडले. तिनावर माशीसुद्धा मरत नाही.

"वीस," मेहुणा ओरडला.

उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा गुण फुकट न दिलेल्या बाई म्हणाल्या, "वीस. मी पाहिले."

आता मरायची पाळी भोंग्याची. मेहुण्याने त्याच्या पाठीत थाप मारली. मग तो मेला. गुरगुरला, कण्हला आणि भुईवर खरोखरच आडवा पडला. शेवटी त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याने ठरवून काढलेला नव्हता.

"मेला?" आतून विचारणा झाली. आवाज पेंगुळला होता.

"मेला," बाई म्हणाल्या. "आता बोल्ट धर, वर उचल आणि ओढ. वर, मग ओढ."

"जात नाही."

"दोन्ही हातांनी. मी इथेच आहे."

बोल्ट एकदा अडला, दुसऱ्यांदा अडला आणि मग सुटला. मेहुणा श्वास रोखून आत शिरला, शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. बाईंनी पोरीला उचललं आणि सरळ बाहेरच्या मोकळ्या जिन्यात नेलं. तिथे ती खोकली, ओकली आणि मग भोकाड पसरून रडली. ते रडणं ऐकून बाई स्वतःही रडू लागल्या.

भोंगा मागोमाग आला. "बबडे," असं म्हणून त्याने हात पुढे केले.

पोरीचं रडणं एकदम थांबलं. तिने बाईंची मान घट्ट धरली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. चेहरा बाबाचा आहे हे तिला दिसत होतं. पण चेहऱ्याला ती घाबरतच नव्हती. त्याने हात खाली घेतले.

मेहुण्याने जमिनीवरचा फोन आणून त्याच्या हातात दिला. पलीकडून बायको केव्हाची विचारत होती, "निघाली का बाहेर? अहो, बोला ना काहीतरी."

भोंग्याने ओठ उघडले. बबडीने बाईंच्या खांद्यात तोंड लपवलं. त्याने ओठ मिटले आणि फोन परत मेहुण्याकडे दिला.

"ताई, बाहेर आहे ती. ठीक आहे. बाईंच्या कडेवर आहे."

"आणि हे? हे कुठे आहेत?"

मेहुण्याने पायरीवर बसलेल्या भोंग्याकडे पाहिलं. "इथेच आहेत," तो म्हणाला. "बोलत नाहीयेत."