कंबर एक सेंटिमीटर

नंदुरबारला परत येऊन मी घरून काम करू लागले तेव्हा आमच्या कंपनीचं टेलर लोकांसाठीचं ॲप बऱ्यापैकी चालू लागलं होतं. गिऱ्हाइकाचं नाव, कपड्याचा प्रकार, मापं आणि कपडा द्यायची तारीख एवढं त्यात भरलं की झालं. मग पुण्याच्या ऑफिसात ठरलं की हे ॲप इजिप्तमधल्या टेलरांनाही द्यायचं. तिथल्या लोकांना ते वापरायला जमेल असं करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

मला अरबीचं एक अक्षर येत नव्हतं. भाषांतर करणाऱ्यांनी शब्द पाठवले, पुण्याच्या पोरांनी ते बसवले आणि अख्खा स्क्रीन उजवीकडून डावीकडे फिरवला. मला सगळं छानच दिसत होतं. न वाचता येणारी लिपी नेहमी छानच दिसते.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मांगली गल्लीमधला टेलरचाचा रोज उर्दू पेपर वाचतस. त्यासले दखाडी दे ना."

चाचा माझ्या लहानपणापासून आमच्या घरचे कपडे शिवतात. मला दारात बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"ये बेटी, बठ. काय शिवनं शे?"

"शिवनं नही चाचा, वाचनं शे," म्हणत मी मोबाईल पुढे केला.

त्यांनी चष्मा चढवला आणि बोट ठेवून वाचायला घेतलं. "कमीज. जेब. हाई ते आपलंच शे!" काही शब्द त्यांना नुसते वाचता येत होते, अर्थ लागत नव्हता. मग ते एकदम हसायलाच लागले. स्क्रीनच्या कोपऱ्यात मापाच्या टेपचं चित्र होतं, तेही आमच्या पोरांनी उलटं केलं होतं, त्यामुळे त्यावरचे आकडे आरशात दिसावेत तसे दिसत होते. अक्षरं उजवीकडून लिहिली तरी आकडा डावीकडूनच लिहायचा असतो, हे मला चाचांनी खडूने टेबलावर लिहून दाखवलं. आणि 'पुढे'चा बाण मात्र फिरवायचा राहून गेला होता. "हाऊ बाण माले मांगे धाडी ऱ्हायना," ते म्हणाले.

दोन दिवसांत पुण्याने सगळं दुरुस्त केलं आणि कैरोजवळच्या काही टेलरांना ॲप वापरायला दिलं. आठवड्याने त्यांच्या नोंदी आल्या. त्यातल्या एका टेलरने प्रत्येक गिऱ्हाइकाची कंबर एक सेंटिमीटर लिहिली होती. म्हातारा असो, तरणा असो, कंबर एक.

"हा माणूस काहीतरी भरून मोकळा होतोय," मिटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले. "याच्या नोंदी काढून टाका."

मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी मी ब्लाउज आणायला गेले तेव्हा सहज चाचांना हे सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण ते गंभीर झाले.

"तो काय शिवस?"

"लांब झब्बा. तठे लोक तोच घालतस."

"मंग त्याले कंबर कसाले जोयजे? खांदापाईन घोटालोंग सरळ उतरस तो. तू इचारस, म्हनीसन तो भरस."

मी तिथेच ॲप उघडलं. कंबर भरल्याशिवाय आमचा फॉर्म पुढे सरकतच नव्हता. बिचारा प्रत्येक वेळी सगळ्यात लहान आकडा टाकून सुटका करून घेत होता. सगळ्यात जास्त गिऱ्हाइकांची मापं त्यानेच भरली होती, आणि त्यालाच आम्ही काढायला निघालो होतो. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मी पुण्याला कळवलं आणि त्या टेलरशी व्हिडिओ कॉल ठरवला. कॉल चाचांच्या दुकानातूनच करायचा होता, त्यामुळे चाचा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पलीकडे जाड मिशांचा, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. त्याच्याजवळ आमच्या कंपनीचं तिथलं काम बघणारी बाई इंग्रजी बोलायला होती. मी तिचं ऐकून चाचांना अहिराणीत सांगायचं, असं ठरलं होतं. पाच मिनिटांत त्या दोघा टेलरांनी आमच्या भाषांतराची वाट बघणं सोडून दिलं. चाचांनी टेप वर धरला, त्यानेही धरला. चाचांनी खिशावर हात ठेवून "जेब" म्हटलं, तो म्हणाला, "गेब! गेब!" त्यांच्याकडे 'ज'चा 'ग' होतो. मग तो उभा राहिला आणि झब्ब्याच्या बाजूची चीर दाखवली. त्या चिरेतून आतल्या कपड्याच्या खिशात हात घालायचा असतो, आणि ती खांद्यापासून किती खाली ठेवायची याचंही माप घ्यावं लागतं. आमच्या ॲपमध्ये हे माप कुठेच नव्हतं.

ब्लाउज न्यायला खांडबाऱ्याहून आलेली एक बाई बाकावर बसून सगळं बघत होती. तिने शेवटी घड्याळ दाखवलं. "चाचा, मन्ही गाडी चुकी जाई!"

"थांब, एक खिसा ऱ्हायना," चाचा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. ती हसली. गाडी तिला मिळाली, पण धावत.

त्यानंतर आम्ही कंबरेची सक्ती काढली, चिरेचं माप घातलं आणि कपड्यांची यादी त्या त्या देशाप्रमाणे वेगळी केली. कैरोजवळून नोंदी भराभर येऊ लागल्या. मॅनेजरनी चाचांना फोन करून स्वतः आभार मानले. चाचा त्यांच्याशी फार शुद्ध मराठीत बोलले आणि फोन ठेवल्यावर घाम पुसत बसले.

ईदच्या आधी त्यांनी स्वतःसाठी तसाच एक लांब झब्बा शिवला, फिकट आकाशी रंगाचा. दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतला. पहिला त्यांना पसंत पडला नाही. दुसरा बाजूने काढला. तो मी इजिप्तच्या त्या टेलरला पाठवला.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. फार सुंदर झालाय, पण डावा खांदा बोटभर उतरलाय, असं त्याचं म्हणणं होतं.

चाचांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. "खरं शे," ते म्हणाले, आणि झब्बा उतरवून टाके उसवायला बसले.