तिसऱ्या वळणावरची माती

वेंटवर्थव्हिलमध्ये घर घेताना आम्ही शाळा पाहिली, स्टेशन किती लांब ते पाहिलं, मेन स्ट्रीटवरच्या दुकानात कढीपत्ता ताजा मिळतो का तेही पाहिलं. शेजारी कोण आहे ते पाहायचं राहिलं. शेजारी निघाले एक इंग्लिश आजोबा. उत्तर इंग्लंडमधले, ऐंशीच्या घरातले. बायको गेल्यावर मुलीजवळ राहायला म्हणून सिडनीला आले. मुलगी पुढे नोकरीसाठी पर्थला गेली, हे इथेच राहिले.

पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून हाक आली. "तू आयटीत आहेस ना, लव्ह?"

ते सगळ्या बायकांना लव्ह म्हणतात, पोस्टवालीलासुद्धा. मी पॅरामॅटाला एका ऑफिसात बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, म्हणजे दिवसभर मीटिंगा घेते. पण भारतीय आणि त्यात आयटी म्हटलं की या बाईला वायफायपासून मिक्सरपर्यंत सगळं येत असणार, अशी इथे पक्की समजूत आहे. त्यांचा टॅब्लेट अडकला होता. मी तो बंद करून परत चालू केला. चालू झाला. तेव्हापासून माझी रविवारची सकाळ जी गेली ती गेलीच.

टॅब्लेटवर स्पीडवे होतं. मी आयुष्यात नाव ऐकलं नव्हतं. चार मोटारसायकली, लंबगोल मैदान, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. गाडीला ब्रेक नाही, गियर एकच आणि वळायचं ते फक्त डावीकडे. खाली लाल बारीक खडीची माती, तिला ते शेल म्हणतात. प्रत्येक वळणावर गाडी आडवी करून, डावा पाय जमिनीवर घासत ही माणसं जातात आणि मागच्या चाकातून ती माती कारंज्यासारखी प्रेक्षकांच्या अंगावर उडते. प्रेक्षक हलत नाहीत. त्यासाठीच तिथे उभे असतात म्हणे.

"ब्रेक का नाहीत?" मी विचारलं.

"कशाला हवेत?" ते म्हणाले. "कुणाला थांबायचंय?"

त्यांच्या गावचा क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळायचा. शनिवारी संध्याकाळी तिथे सामना झाला की रविवारी नाश्त्याच्या वेळी हे रेकॉर्डिंग बघत. निकाल आधी कुणी सांगायचा नाही. जंक मेलच्या पाठीवर पट्टीने चौकटी आखायच्या, प्रत्येक शर्यतीनंतर पेनाने गुण भरायचे. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. गुण स्क्रीनवर दिसतच असतात, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने दुसरं पेन घेतलं.

मी पोहे घेऊन जायचे. ते त्यावर ब्राऊन सॉस घालून खायचे. कांदेपोह्यांवर ब्राऊन सॉस! मी तोंड फिरवून बसायचे. घरी येऊन नवऱ्यापाशी चडफडले की आतल्या खोलीतून लेकीचा आवाज यायचा, "मम, ही इज जस्ट लोनली." जसं काही मला ते कळत नव्हतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्ही बघतोय तो खेळ शेवटच्या घटका मोजतोय. दरवर्षी लीगमधला एखादा क्लब बंद. स्टेडियमची जागा बिल्डरला जायची. ती नाही गेली तर शेजारी नवी घरं व्हायची आणि त्यातली माणसं आवाजाची तक्रार करायची. स्टेडियम ह्या नव्या लोकांच्या जन्माआधीपासूनचं, पण तक्रार ह्यांचीच. चांगले रायडर पोलंडला पळायचे, तिथे पैसे जास्त. उरलेले दोन-दोन क्लबांकडून खेळायचे. त्यात कुणी पडला, हाड मोडलं, की दुसऱ्या क्लबचा रायडर एका दिवसापुरता उसना आणायचा. मागच्या आठवड्यात ज्याच्या नावाने बोटं मोडली, तोच आज आपली जर्सी घालून हजर. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, याचा पत्ता नाही.

आता अशा बाबतीत मी अधिकारी व्यक्ती आहे. मी आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे. 'तरुण पिढी का येत नाही' या विषयावर आम्ही दर वर्षी सभा घेतो आणि तिला तरुण पिढी येत नाही. आमची एकांकिका बसते तेव्हा नायक मेलबर्नहून, तिथल्या युनिव्हर्सिटीतला एखादा विद्यार्थी, विमानाचं तिकीट काढून उसना आणावा लागतो. त्यामुळे उपाय सुचवायचे कसे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सामन्याचा वार ठरवून टाका," मी म्हटलं. "कधी बुधवार, कधी शनिवार, माणसाने लक्षात काय ठेवायचं?"

"रायडर मंगळवारी स्वीडनमध्ये असतात, रविवारी पोलंडमध्ये. उरतात ते वार आपले."

"मग उसने रायडर बंद करा. गावातली पोरं तयार करा."

"इंजिनं कोण देणार त्यांना?"

"सगळ्यांना एकसारखं स्वस्त इंजिन द्या."

"तीस वर्षं हेच म्हणतायत, लव्ह."

"मुलांना तिकीट फुकट करा."

"आहे फुकट. मुलं पालकांना विचारतात, अजून किती वेळ?"

हे मात्र मला तोंडपाठ होतं. आमच्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात अगदी हाच प्रश्न येतो, फक्त इंग्लिशमधून. मी चिडले. "मग तुमच्याकडे काय उपाय आहे?" ते पोह्यांतला शेंगदाणा शोधत म्हणाले, "पाऊस कमी पडला पाहिजे." पाऊस पडला की सामना रद्द होतो. इंग्लंडमध्ये पाऊस कमी पडण्याची वाट बघत बसलेला हा माणूस. धन्य आहे, मी मनात म्हटलं.

एका रविवारी मी गेले तर चौकटी आखलेल्या नव्हत्या. टॅब्लेट चालू होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या क्लबने जाहीर केलं होतं: जमीन विकली गेली, हा शेवटचा मोसम, तिथे गोदामं होणार. मी आपलं नेहमीचं बोलायला सुरुवात केली. सह्यांची मोहीम काढा, कौन्सिलला धरा, शेजारच्या क्लबशी हातमिळवणी करा. त्यांनी हात वर केला.

"ती तिथे आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको त्यांना त्या मैदानावरच भेटली होती, तिसऱ्या वळणाच्या कठड्यापाशी. हिच्या चहात माती उडाली आणि ही ओरडली, तिथून सुरुवात. पुढे जन्मभर शनिवारी दोघं तिथेच उभी. ती गेली तेव्हा क्लबने परवानगी दिली आणि सामन्याआधी त्यांनी तिची राख त्याच वळणावर, कठड्याच्या आतल्या मातीत टाकली. त्यांच्या देशात अशी पद्धत आहे. आणि त्यांच्या मृत्युपत्रातही तेच लिहिलेलं. मुलीने त्यांना घेऊन जायचं आणि तिथेच सोडायचं.

"आता मी कुठे जाणार?" ते म्हणाले. रडले नाहीत. फक्त हा प्रश्न मला विचारला, टॅब्लेट का अडकला असं विचारतात तसा.

मला माझे वडील आठवले. ते पुण्यात गेले तेव्हा मी सिडनीत होते, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पण भावाने अस्थी विसर्जित केल्या नव्हत्या. माझ्यासाठी थांबवून ठेवल्या होत्या. मडकं हातात आल्यावर मी पहिल्यांदा धड रडले. पाण्यात सोडल्यावर ते कुठे गेले असा प्रश्न मला कधीच पडला नाही. वाहून गेले, बस्स. पण ज्याने माणूस एका जागी ठेवलाय, त्याची जागाच कुणी विकली तर त्याने काय करायचं?

डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास बंद केला होता, फुप्फुसांमुळे. आणि माझी ऑक्टोबरमध्ये ऑफिसची इंग्लंडची ट्रिप ठरलेली होती. मी कुणाला विचारलं नाही, विचारही केला नाही. "मी घेऊन येते तुमच्या बायकोला," मी म्हटलं. अस्थी आणायच्या असतात, एवढंच मला माहीत होतं.

त्याच ऑक्टोबरमधल्या शेवटच्या सामन्याला मी गेले. बरोबर रिकामा श्रीखंडाचा डबा, कारण आपल्या घरात दुसरा कुठला डबा मिळतो? आणि बघते तर स्टेडियमला मुंगी शिरायला जागा नाही. कठड्यापाशी उभं राहायला मला कोपर मारावं लागलं. इतकी वर्षं ही माणसं होती कुठे? माझ्या डोळ्यांत राग आणि माती एकदमच गेली. हा एकमेव उपाय मला तिथे उभ्या उभ्या सुचला: दर शनिवारी हा शेवटचा सामना आहे असं जाहीर करायचं. (परत आल्यावर मी तो मराठी मंडळालाही सुचवला. कमिटीने खोटेपणाच्या मुद्द्यावर फेटाळला.)

शेवटची शर्यत संपल्यावर दारं उघडली आणि लोक मैदानात उतरले. मी तिसऱ्या वळणावर गेले तर तिथे चमचे, आइस्क्रीमचे डबे, चहाचे थर्मास घेऊन माणसं आधीच उकिडवी बसलेली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "तुझं कोण आहे?"

"शेजाऱ्यांची बायको," मी म्हटलं. "तुमचं?"

"नवरा. आणि त्याचा भाऊ. भावाला मी नेत नाहीये." तिने बाजूला सरकून मला जागा दिली. कोण कुठे संपतं आणि कोण कुठे सुरू होतं, ते काही कळण्यासारखं नव्हतं. मी डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि वरून चिकटपट्टी मारली.

आता आमच्या घरचा नियम असा की सिडनी एअरपोर्टवरच्या फॉर्मात सगळं जाहीर करायचं. चिवडा, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं, सगळ्यांपुढे 'हो'. आईच्या बॅगेत एकदा न सांगितलेली जांभळाच्या बियांची पुडी सापडली होती, तेव्हापासून. आणि अनुभव असा की खरं सांगितलं की ते बघतात, हुंगतात आणि परत देतात. म्हणून मातीपुढेही मी ठामपणे 'हो' लिहिलं. तिथेच माझं चुकलं. मातीला चिवड्याचा नियम नाही.

काउंटरवर आपल्याकडचाच एक पोरगेला ऑफिसर. त्याने डब्यावरचं केशर-पिस्त्याचं चित्र बघितलं.

"आंटी, ये श्रीखंड है?"

"मिट्टी है."

"मिट्टी अलाउड नहीं है, आंटी."

आंटी तर आंटी. मी म्हटलं, "इसमें एक औरत है." त्याने डब्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, वळणापासून गोदामांपर्यंत, माझ्या हिंदीत. मागे रांग थांबली. तो आत जाऊन साहेबाला विचारून आला. राख आणलेली चालते. माती चालत नाही. दोन्ही एकत्र असतील तर ती माती.

"फिर इसका क्या करोगे?"

"जला देते हैं, आंटी. यहीं, सिडनी में."

"एक बार जल चुकी है बेचारी," मी म्हटलं आणि माझा आवाज फाटला. त्याने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि जप्त मालाच्या पिवळ्या पिंपात न टाकता मागच्या टेबलावर वेगळा ठेवला. मग माझे मातीने भरलेले बूट ब्रशने साफ करून दिले.

आजोबांना सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी पोहे घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या मूर्खपणासकट, खरं बोलण्यासकट. ते ऐकत राहिले.

"म्हणजे ती सिडनीत आली?" शेवटी ते म्हणाले.

"कस्टम्सपर्यंत."

"मुलगी इथे आल्यापासून मी तिला म्हणत होतो, आपणही जाऊ. कोळी असतात म्हणून आली नाही." ते हसायला लागले, हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळे पुसले. मीही पुसले. मग त्यांनी विचारलं, "कुठे जाळतात ते?"

मला नक्की माहीत नव्हतं. एअरपोर्टच्या बाजूला कुठेतरी असेल, असं म्हटलं.

"दुपारचा वारा तिकडूनच येतो," ते म्हणाले. "समुद्राकडून. चारनंतर कुंपणापाशी लागतो."

त्या रविवारी टॅब्लेट लावलाच नाही. त्यांची खुर्ची तिसऱ्या वळणाच्या कठड्याकडे तोंड करावी तशी मी कुंपणाकडे वळवून दिली. मृत्युपत्रातला इंग्लंडचा मजकूर त्यांनी वकिलाकडून काढून टाकलाय. आता त्यात लिहिलंय की राख सोडायची ती घरामागच्या अंगणात, कुंपणापाशी, आरवोला म्हणजे दुपारी, वारा सुटल्यावर. आणि सोडणारी म्हणून मुलीबरोबर माझं नाव आहे.

"जमेल ना तुला, लव्ह?" त्यांनी विचारलं.

"जमेल," मी म्हटलं. "पण पोह्यांवर सॉस घालणं आधी बंद करा."

"ते नाही जमणार," ते म्हणाले आणि बाटली उलटी केली.