पोटावरची उशी

भिंत पातळ असली की शेजारची भांडणं फुकटात ऐकायला मिळतात. आमची भिंत तर नुसता पापुद्रा. त्या दुपारी पलीकडे गादीवाली आणि तिची सासू यांची जुंपली होती.

"जन्मभर लोकांच्या उशा भरतेस. एक स्वतःच्या पोटावर बांधायला हात मोडतात का तुझे?"

"सासूबाई, मी उशा झोपायला शिवते, थापा मारायला नाही."

"मग लोकांना काय सांगू? बाळ सुनेचं, पण वाढतंय तिच्या बहिणीच्या पोटात?"

"खरं तेच सांगा की."

"खरं!" सासू अशी किंचाळली, जणू सुनेनं शिवीच दिली. "उशी बांधली नाहीस तर ते मूल या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी त्याला हातसुद्धा लावणार नाही!"

शेजारच्या घरात पुढे गाद्यांचं दुकान, मागे संसार. नवरा कापूस पिंजायचा. तोंड उघडायचं काम त्यानं आईकडे सोपवलं होतं. बायको खांद्यावर गादी टाकून जिने चढायची. अंगात एवढी ताकद, पण कुशीत मूल टिकेना. दरवेळी दिवस राहायचे, दरवेळी गर्भ पडायचा. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, बीज तुमचं दोघांचंच घेऊ, पण वाढवायला दुसरी कूस लागेल. थोरली बहीण पलीकडच्या गावात पावाच्या भट्टीवर कामाला, दोन पोरांची आई. ती म्हणाली, "माझी रिकामीच पडलीय, वापर." वाटी उसनी द्यावी तशी.

बहिणीला दिवस राहिले आणि सासूनं गल्लीभर सांगून टाकलं, माझ्या सुनेला दिवस गेलेत. तिला कुणी विचारलं होतं, देव जाणे. इकडे सून सपाट पोटानं गाद्या वाहतेय. आमच्या गल्लीतल्या बायकांचे डोळे तसेही कामात फार गुंतलेले नसतात.

"सातवा म्हणे," एकीनं मला विचारलं. "ठेवलाय कुठे?"

"शिवायला टाकला असेल," मी म्हटलं.

मग सासूच्या नात्यातल्या बायका सुनेला बघायला येणार असं कळलं. बायका कसल्या, तपासनीसच. सासूनं निक्षून सांगितलं, आज उशी, नाहीतर पोराला उंबरा बंद. पोरासाठी गादीवालीनं मान तुकवली. पण हातचं काम वाईट करणं तिला जमायचं नाही. नवा कापूस, गोल घडण, खाली जड, वर हलकी, मागे बांधायला बंद. मीही तिथे होते. साखर मागायला गेले होते, दुसरं काय!

पाहुण्या माना डोलावत होत्या. एक आत्या म्हणाली, "मुलगाच! पोटाच्या ठेवणीवरून कळतं." कापसात मुलगा ओळखणारी बाई मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

एवढ्यात दुकानाच्या दारात शाळेतले मास्तर आले. मान धरलेली, चेहरा केविलवाणा. "मऊ हवी, पण डोकं बुडायला नको," म्हणाले. "तशी एखादी दाखवता?"

गिऱ्हाइकानं माल मागितला की गादीवालीचे हात आधी पुढे जायचे, डोकं मागून यायचं. ती उठली, पाठीमागची गाठ सोडली, उशी ओढून काढली, दोन थापट्या मारल्या आणि मास्तरांच्या हातात दिली.

"ही दाबून बघा. आजच भरलीय."

मास्तरांनी बिचाऱ्यांनी दाबून बघितली. "छान आहे," म्हणाले.

पाहुण्यांच्या माना डोलायच्या थांबल्या. गादीवालीनं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग सासूकडे. आता ही रडणार, मला वाटलं. ती खदाखदा हसायला लागली.

"झाले बाई बाळंत! आत्याबाई, ऐका. बाळ माझं आहे, पोट माझ्या बहिणीचं आहे. बघायचंच असेल तर भट्टीवर जा, ती तिथे भेटेल."

"मला आधीच शंका आली होती," आत्या म्हणाली. अशी माणसं कधी चुकतच नाहीत.

सासूनं त्या दिवसापासून अबोला धरला. मुलगी झाल्याचा निरोप आला, तरी तोंडातून शब्द नाही. गादीवाली बाळाला घेऊन आली ती उंबऱ्यापाशीच थांबली. मी माझ्या दारात होते.

"आत येऊ?" तिनं विचारलं.

सासू पाठ करून बसलेली. गादीवाली तशीच उभी. तेवढ्यात पोरीनं टाहो फोडला.

"अगं, मानेखाली हात घाल तिच्या!" सासू ताडकन उठली. "गादी आहे का ती, काखेत मारायला? आण इकडे!"

पोर हिसकावून घेतली ती संध्याकाळपर्यंत दिलीच नाही. हात न लावण्याचा पण तिनं असा पाळला. पुढे तर गल्लीत सांगत फिरायची, "उशीचं खूळ सुनेचंच हो. मी पहिल्यापासून म्हणत होते, खरं सांगून टाकावं."

थोरली बहीण पोरीची मावशीच राहिली. येताना गरम पाव आणायची, लाड करायची आणि वाटी परत मिळाल्यासारखी निवांत घरी जायची.

ती उशी मास्तरांनीच नेली. दर थंडीच्या तोंडावर ती पिंजायला यायची आणि गादीवाली स्वतः पोचवून यायची. सासू गेली, पोर मोठी होऊन दुकान बघायला लागली, तरी हे काम गादीवालीनं कुणाला दिलं नाही.

गेल्या थंडीत गादीवाली गेली, झोपेतच, स्वतः भरलेल्या गादीवर. आदल्या संध्याकाळी उशी काखेत मारून माझ्या दारावरून निघाली होती.

"कुठे गं?"

"पोट पोचवून येते."

"आई, चष्मा राहिला!" पोर दुकानातून ओरडली.

"उशी द्यायला चष्मा कशाला लागतो गं?" म्हणत ती समोर मास्तरांच्या दारात गेली, उशीला दोन थापट्या मारल्या आणि त्यांच्या हातात दिली. "दाबून बघा."

मास्तरांनी दाबून बघितली. "छान आहे," म्हणाले.